उघडी खिडकी, झाकलेले कान

दिवाळी सरली, की मराठवाड्यात भोकरदन तालुक्यातल्या खेड्यांत पहाटे पाणी तापवायला चुली आणि बंब पेटू लागतात. सरपण बहुतेक पऱ्हाट्यांचं, म्हणजे गेल्या साली कापूस वेचून झाल्यावर उपटून रचून ठेवलेल्या कपाशीच्या झाडांचं. पऱ्हाटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते. लाकडाचा ओंडका लावून बाईला उठून जाता येतं, पऱ्हाटीपुढे मात्र एकेक काडी आत सारत बसावं लागतं. घरादाराच्या आंघोळीचं पाणी तापेपर्यंत तिच्या छातीत किती धूर गेला, हा हिशेब हिवाळ्यातल्या तब्येतीच्या गप्पांत सहसा निघत नाही. गप्पा डिंकाच्या लाडवांच्या, काढ्याच्या आणि कानटोपीच्या. थंडी हाच वैरी, असं आपण धरूनच चालतो. आजारांचा माग काढला, तर थंडीपेक्षा तिच्या भीतीने लावून घेतलेलं दार जास्त दोषी दिसतं.

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, गार वाऱ्यामुळे नव्हे. इंग्लंडात सॉल्सबरीजवळ १९४६ ते १९९० या काळात केवळ सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र चालू होतं. तिथे स्वयंसेवकांना गरम आंघोळीनंतर ओल्या अंगाने झुळकीत उभं करून पाहिलं, तरी त्यांना इतरांपेक्षा जास्त सर्दी झाली नाही. एवढं लांब कशाला जायचं? २००९ साली स्वाइन फ्लूने पुण्यात थैमान घातलं ते ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात. असे विषाणू पसरायला हवा कोंडलेली आणि माणसं दाटीने बसलेली असली, की झालं. पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांतल्या हवेची मोजणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्या खिडक्या आणि उंच छतं असलेल्या जुन्या इमारतींत हवा उत्तम खेळत होती, आणि तिथे क्षयासारख्या रोगाचा संसर्ग पसरण्याचा धोका नव्या इमारतींपेक्षा कमी ठरत होता. यंत्र काही नव्हतं, खिडक्या तेवढ्या उघडल्या होत्या.

मग थंडीचा काहीच दोष नाही का? असं म्हणणंही घाईचं होईल. कार्डिफमध्ये २००५ साली नव्वद जणांना वीस मिनिटं गार पाण्यात पाय बुडवून बसवलं. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांच्यातल्या १३ जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं. पाय कोरडे ठेवलेल्या नव्वद जणांत असे पाचच निघाले. सर्दीचा नेहमीचा विषाणू शरीराच्या आतल्या ३७ अंशांपेक्षा नाकातल्या ३३ अंशांच्या आसपास जास्त जोमाने वाढतो, हेही प्रयोगशाळेत दिसलं आहे. तेव्हा कान झाका, पायात मोजे घाला, असं सांगणारी आजी चुकत नव्हती. फरक एवढाच, की ऊब अंगाला हवी, खोलीला नको. वाकळ पांघरून खिडकीची एक फळी उघडी ठेवता येते. शिवाय आपला हिवाळा काही काश्मीरचा नव्हे. मराठवाड्यात पारा काही रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतो खरा, पण दुपारी ऊन पाठीला चटका देतं. दुपारीही दार ओढून बसायला कारण उरत नाही. तान्ही बाळं आणि म्हातारी माणसं यांना सरळ झुळकीत निजवू नये, इतपत काळजी पुरे.

आता पुन्हा धुराकडे. जुन्या माळवदाच्या घराला छतात झरोका असायचा, धूर जमेल तसा वर निघून जायचा. स्लॅब आला आणि तो झरोका गेला. जुन्या घरांचे गोडवे गाण्यात मात्र अर्थ नाही, त्यांच्या भिंती काजळलेल्याच असत आणि त्या घरांतल्या बायाही खोकतच. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा सीओपीडी हा आजार होतो, आणि त्यामागे चुलीचा धूर हे मोठं कारण आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडलं. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली, गावोगाव सिलिंडर पोचलं. तरी बऱ्याच घरांत गॅस चहापुरता आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, कारण पऱ्हाट्या फुकट आणि सिलिंडर विकतचं. हा हिशेब चुकीचा नाही. मग निदान बंब अंगणात मांडावा आणि धुराच्या तोंडाशी तीच एक बाई रोज बसणार नाही, एवढं घराने पाहावं. रात्री निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन निजणं तर जिवावरचं. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. झोपेतला माणूस खोकतसुद्धा नाही.

पहाटे गावावर धुराची दुलई तरंगताना दिसते, तिचं कारण वरच्या उबदार हवेचं झाकण. खालची गार हवा त्याखाली अडकते, ऊन वर येईतो धूर हलत नाही. म्हणून पाच वाजता फिरायला निघणाऱ्यांनी, आणि यात रक्तदाबाचे पेशंट फार असतात, ऊन वर आल्यावरची वेळ धरावी. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात या दिवसांत वाढतात. त्यात तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पोटात जातं. तांब्याभर कोमट पाणी उशाशी ठेवणं आणि हिवाळ्यात एकदा-दोनदा जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घेणं हे कुठल्याही काढ्यापेक्षा कामाचं. गोळीचा डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांनीच. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, बोरं, पेरू, आवळा हे सगळं जरूर खावं, चवीसाठी आणि ताकदीसाठी. क जीवनसत्त्वाने सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही, फार तर थोडी लवकर आवरते.

आणि ज्याला थंडी टाळताच येत नाही त्याचं काय? गहू-हरभऱ्याच्या दिवसांत थ्री फेज लाइट रात्रीची असली, की शेतकऱ्याला मध्यरात्री गार चिखलात उभं राहून पिकाला पाणी द्यायला दारं धरावं लागतं. त्याला खिडकीच्या गोष्टी सांगून भागणार नाही. दिवसा वीज मिळणं हाच त्यावरचा खरा इलाज, आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आखली आहे. ती शिवारात पोचेपर्यंत गमबूट आणि कोपीत टांगलेला कोरड्या कपड्यांचा जोड हाताशी असावा. ऊब येते म्हणून घोटभर दारू मात्र नको. तिने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, अंगातली ऊब बाहेर पडते, आणि कुडकुडणं थांबल्यासारखं वाटत असतानाच अंग आतून गार पडत जातं.