गाडी आली, अर्थिंग राहिलं

"गाडी खाली उभी आहे, पण खड्डा खणून होईपर्यंत घरी चार्ज करायची नाही म्हणे," असं वहिनी फोनवर म्हणाली, आणि मी चेन्नईला ठरलं होतं त्याच्या जरा आधीच गेले. काम होतंच तिकडे. पण नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी एका खड्ड्यापायी अडून बसली आहे, हे बघायला मिळत असेल तर का सोडा?

दादा-वहिनी अड्यारला कस्तुरबा नगरात राहतात. नव्वदच्या दशकातली, खांबांवर उभी असलेली तीन मजली इमारत. खाली गाड्या, कोपऱ्यात वॉचमनची खुर्ची, भिंतीवर ओळीनं ईबीचे, म्हणजे वीज मंडळाचे, मीटर. जून सुरू होता. अग्निनक्षत्राचे दिवस पंचांगात संपले होते, उकाड्याला ते कुणी कळवलं नव्हतं.

गाडी पुण्याजवळच्या कारखान्यातून आलेली, म्हणून दादाला तिचं माहेरच्या माणसासारखं कौतुक. खरं तर चेन्नईला गाड्या बाहेरून आणायची गरज नाही. ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक श्रीपेरुम्बुदूरजवळ बनते. एथर ही स्कूटरची कंपनी 2013 साली दोन माजी विद्यार्थ्यांनी काढली ती अड्यारला लागून असलेल्या आयआयटी मद्रासमधून. उलट महिंद्राच्या गाड्या बनतात चाकणला, पण 26 नोव्हेंबर 2024 ला दोन नव्या इलेक्ट्रिक गाड्या लोकांसमोर आल्या त्या चेन्नईत. म्हणजे ये-जा दोन्हीकडून चालूच आहे.

मध्य कैलासच्या देवळात पूजा झाली होती. चार चाकांखाली चार लिंबं ठेवून गाडी पुढे घेतली. गुरुजी बराच वेळ "स्टार्ट करा, सार" म्हणत होते आणि दादा "स्टार्टच आहे" म्हणत होता. आता गाडी खांबाजवळ उभी होती, बोनेटवरचं कुंकू तसंच. शोरूमनं पाठवलेला माणूस भिंतीवरच्या सॉकेटला चार्जर लावून, त्यावरचा लाल दिवा बघून, "अर्थिंग सरी इल्लै", अर्थिंग ठीक नाही, एवढं बोलून निघून गेला होता.

मग आला इलेक्ट्रिशियन. पन्नाशीचा, टीव्हीएसच्या एक्सएलवरून, पुढच्या फळीवर हत्यारांची पिशवी. त्याला सगळे अण्णा म्हणतात. दादाला तो सार म्हणे, मला अक्का. त्याचं हिंदी आणि माझं तमिळ साधारण सारख्याच लायकीचं, त्यामुळे आमचं छान जमलं. मीटर काढून त्यानं एक पिन न्यूट्रलला, एक अर्थला लावली. आकडा आला अकरा. त्यानं मान हलवली आणि दोन बोटं वर केली.

"दोन व्होल्ट. दोनच्या आत पाहिजे."

पुढचे सगळे दिवस हा आकडा माझ्या कानावर पडत राहिला.

आपण घरात तीन पिनांचा प्लग लावतो तेव्हा वरचं जाड भोक कुठं जातं याचा विचार कोण करतं? जुन्या इमारतींत ते बरेचदा कुठंच जात नाही. वायर भिंतीत दोन फूट जाऊन थांबलेली असते, किंवा कुणी हुशारानं ती न्यूट्रलला जोडून दिलेली असते. मिक्सर चालतो, फ्रिज चालतो, इस्त्री क्वचित झिणझिण्या आणते. गाडीचं तसं नाही. ती रबराच्या चार टायरांवर उभी, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. आत कुठं करंट पत्र्यावर उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट नाही, आणि मग अनवाणी पायानं दार उघडायला येणारा माणूस हीच वाट. म्हणून चार्जर आधी अर्थ तपासतो आणि मिळाला नाही तर सरळ नकार देतो. ज्या वायरकडे या इमारतीत तीसेक वर्षं कुणी पाहिलं नव्हतं, तिची चौकशी करणारी ही पहिलीच वस्तू.

"काही लोक म्हणतात, अण्णा, काहीतरी करून लाल दिवा घालवा," तो म्हणाला. "दिवा घालवता येतो. मी नाही घालवत."

त्याच्या पिशवीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. दुपारी चहाच्या वेळी त्यानं तो उघडून दाखवला. आत जळलेले प्लग आणि सॉकेट. काहींच्या पिना निळसर काळ्या झालेल्या, एकाचं पांढरं प्लॅस्टिक वितळून पिनेवर ओघळलेलं, एक अर्धा तपकिरी. झाकण उघडताच तो वास आला, करपलेल्या बेकलाइटचा, थोडा माशासारखा, नाकात बसून राहणारा. गीझरसाठी बसवलेल्या पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लोकांनी गाडी लावली, त्याचे हे नमुने. गीझर वीस मिनिटं चालतो. गाडी तेवढाच करंट रात्रभर, सात-आठ तास, एका दमात ओढते. सॉकेटची पकड जरा सैल असेल तर तिथं उष्णता साठत जाते आणि पहाटेपर्यंत असं होतं. अण्णा हे प्लग फेकत नाही. नव्या गिऱ्हाइकानं "साधा सॉकेट चालेल ना?" विचारलं की डबा उघडतो. वाद संपतो.

तो वास मला त्यानंतर दोन-तीनदा उगाचच आला, एकदा तर बेसंटनगरला समुद्रावर.

पण काम लगेच सुरू झालं नाही, कारण सोसायटी. इथं तिला असोसिएशन म्हणतात, स्वभाव तोच. सेक्रेटरी निवृत्त बँक अधिकारी, अतिशय सभ्य, आणि ठाम विरोधात. बॅटरी पेटली तर? बाकीच्यांनीही मागितलं तर? खड्डा कॉमन जागेत, मग उद्या मालकी कुणाची? दादानं केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं छापून आणली होती. त्यात घरच्या असलेल्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला मुभा आहे. सेक्रेटरींनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला. शेवटी परवानगी मिळाली ती वहिनीमुळे, कागदामुळे नव्हे. वरच्या मजल्यावरच्या आजींना लिफ्टमध्ये झटका का बसतो, हे गेली दोन वर्षं कुणालाच सापडत नव्हतं. अण्णा लिफ्टचंही अर्थिंग त्याच खड्ड्याला जोडून देईल, असं तिनं परस्पर कबूल करून टाकलं.

खणायला दोन पोरं आली. वरती फरशी, मग विटांचा चुरा, मग वाळू. अड्यारची जमीन समुद्राजवळची. वाळूत पाणी टिकत नाही आणि उन्हाळ्यात ती कोरडी ठाक होते. कोरड्या वाळूतून करंट जाणार कसा? म्हणून माणसापेक्षा खोल खणायचं, भोकं पाडलेला, जस्त चढवलेला लोखंडी पाइप उभा करायचा आणि भोवती कोळसा आणि मीठ थरावर थर घालत यायचं. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीतून करंट वाहू देतं. मीठ पाइप खातंही, म्हणून हल्ली पोत्यात मिळणाऱ्या पावडरीचं 'केमिकल अर्थिंग' करतात. दादाला तेच हवं होतं. अण्णाला मीठ-कोळसा. "पावडर चांगली आहे, सार. पण पोत्यात काय भरलंय ते मला दिसत नाही. मीठ मला माहीत आहे." दादा इंजिनिअर आहे, त्यानं बराच युक्तिवाद केला. अण्णानं तो ऐकून घेतला आणि पोराला मिठाची गोणी सोडायला सांगितली. खरं सांगायचं तर पावडरीच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. पण तो खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून हातानं कोळसा चेपत होता, त्या वेळी माझं मत कुणाच्या पारड्यात होतं हे सांगायला नको.

मग त्यानं एक गोष्ट केली जी कुठल्याही माहितीपत्रकात नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या एसीचं पाणी एका पाइपमधून भिंतीवरून गटारात ठिबकत होतं. तो पाइप वळवून त्यानं खड्ड्याच्या तोंडाशी आणला. उन्हाळा वाढेल तसा एसी जास्त चालणार, पाणी जास्त पडणार, आणि वाळू कोरडी पडायची तेव्हाच खड्डा ओला राहणार. मीटर लावला. आकडा आला एक पॉइंट सहा. अण्णानं दोन बोटं वर केली आणि पहिल्यांदा हसला.

बाकीचं झरझर झालं: दादाच्या स्वतःच्या मीटरपासून वेगळी जाड केबल, स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी, कारखान्यात वापरतात तसला मजबूत सॉकेट. इथं बऱ्याच घरांत तीन फेज असतात. एसी दोन फेजवर, म्हणून गाडी तिसऱ्या फेजवर टाकली. रात्री दहाला गाडी लावली आणि चार्जरवर हिरवा दिवा आला. वॉचमन खुर्ची सरकवून लांब जाऊन बसला.

लाल दिव्याचा प्रश्न सुटला, आणि दादाला पाण्याचा आठवला. डिसेंबर 2023 च्या मिचाँग वादळात वेलचेरी बुडाली होती. ऑक्टोबर 2024 मध्ये नुसता रेड अलर्ट आला तर लोकांनी आदल्या दिवशीच गाड्या नेऊन वेलचेरीच्या फ्लायओव्हरवर लावल्या. दादा म्हणाला, बॅटरीला आयपी 67 आहे, काळजी नाही. म्हणजे काय, असं अण्णानं विचारलं. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत थेंब जात नाही.

"अर्धा तास," अण्णा म्हणाला.

तो कोट्टूरपुरमला राहतो, नदीच्या काठी. 2015 च्या डिसेंबरात चेंबरंबाक्कम तलावातून 29,000 क्युसेक पाणी सोडलं आणि अड्यार नदी घरांत शिरली, तेव्हा तो तिथंच होता. पाणी अर्ध्या तासानं घड्याळ बघून परत गेलं नाही. त्यावर तो जास्त बोलला नाही. फक्त एमसीबीचा बॉक्स छातीच्या उंचीवर बसवायचा होता, तो काढून डोक्याच्या वर बसवला आणि केबल छताकडून फिरवून आणली. गाडी मात्र तुम्हीच वर न्या, सार, म्हणाला.

आता 'किलोमीटरला एक रुपया' या वाक्याबद्दल. दादा ते येईल-जाईल त्याला ऐकवत होता. तामिळनाडूत विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं. पहिली 100 युनिटं तेव्हा फुकट होती, पुढे टप्प्याटप्प्यानं दर चढत जातो, आणि 500 युनिटं ओलांडली की खालच्या टप्प्यातली सवलतही हातची जाते. गाडीला वेगळा मीटर घेतला नाही तर तिची युनिटं घरच्या युनिटांच्या डोक्यावर बसतात, म्हणजे नेमकी सगळ्यात महाग टप्प्यात. दादाचं ऑफिस सिरुसेरीला, ओएमआरवरून जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. ऑगस्टमध्ये त्यानं बिलाचा फोटो पाठवला. गाडीची 400 च्या आसपास युनिटं 9 आणि 10 रुपयांच्या पुढच्या दरानं लागली होती. भागाकार केला तर किलोमीटरला एक रुपया सत्तर पैसे. एक रुपया नव्हे. तरी पेट्रोल शंभरीपार असताना आणि एल. बी. रोडवर मेट्रोच्या पत्र्यांमधून सरपटताना जुनी गाडी किलोमीटरला आठ रुपये खायची, त्यापुढे हे काहीच नाही. दादाला खोटं बोलायची गरजच नाही. पण 'एक' हा आकडा तो सोडत नाही. बेंगळुरूला गेला तेव्हा वाटेत फास्ट चार्जरवर युनिटला वीसच्या पुढे दर आणि वर जीएसटी भरला. इडली खाऊन होईतो गाडी 80 टक्के झाली होती. तो हिशेब या एक रुपयात धरत नाही म्हणे, ते प्रवासाचं खातं.

अण्णाच्या मजुरीचा हिशेबही दादा किलोमीटरच्या खात्यात धरत नाही. चार्जरची किंमत आणि ॲपमधला बॅटरीचा आकडा त्याला तोंडपाठ आहे. खड्ड्याचे किती झाले असं विचारलं तर वहिनीकडे बघतो.

सप्टेंबरात वहिनीचा फोन. सेक्रेटरींच्या मुलानं इलेक्ट्रिक गाडी बुक केली आहे. ते स्वतः अण्णाला खाली घेऊन उभे होते आणि याच खड्ड्यावर आपली लाइन जोडता येईल का विचारत होते. अर्थ जोडता येईल, अण्णा म्हणाला, पण इमारतीला रस्त्यावरून येणारी केबल जुनी आहे. सहा घरं, सहा गाड्या रात्री एकदम लागल्या तर फक्त गाड्यांचेच वीस किलोवॉट होतात, वर सगळ्यांचे एसी. आधी ईबीकडे लोड वाढवायचा अर्ज करा, सहाही घरांनी सह्या करून. सेक्रेटरी म्हणाले, मीटिंग बोलावतो.

"मीटिंग लवकर घ्या, सार," अण्णानं सांगितलं. "ऐप्पसी महिना लागला, पाऊस आला की मी खणायला येत नाही. आणि निम्मे पैसे आधी."