कामगारांचा स्वतःचा खाण निरीक्षक

दिव्याची वात बारीक करायची आणि दिवा सावकाश छताजवळ न्यायचा. ज्योतीवर फिकट निळी टोपी उभी राहिली, की हवेत मिथेन आहे असं समजायचं. टोपी जितकी उंच, तितका धोका मोठा. मग सळईनं छतावर ठोकायचं. पक्का दगड खणखणतो, सुटू लागलेला पोकळ वाजतो.

ही पारख जुन्या कोळसा खाणींतल्या मुरलेल्या कामगारांना होतीच. ब्रिटनच्या १८७२ च्या कायद्यानं तिला अधिकार दिला. कामगारांनी आपल्यातले एक-दोन जण निवडावेत, त्यांनी महिन्यातून एकदा अख्खी खाण फिरून पाहावी आणि जे दिसलं ते खाणीवरच्या वहीत लिहून खाली सही करावी. मालकाच्या वहीत मजुराची सही! त्या काळात हे घडलं याचं मला आजही नवल वाटतं.

पण खर्च कामगारांनीच करायचा होता, आणि सही करणाऱ्याची रोजीरोटी त्याच मालकाच्या हातात होती. फ्रान्सनं ८ जुलै १८९० च्या कायद्यात यावर तोड काढली. प्रतिनिधी जमिनीखाली राबणाऱ्यांच्या मतांनी तीन वर्षांसाठी निवडून येई. त्याच्या पाहणीचा मेहनताना सरकारी खजिना देई आणि नंतर कंपनीकडून वसूल करी. इतका साधा आणि इतका शहाणा उपाय!

तरीही एक उणीव राहिली. १९०६ च्या मार्चमध्ये उत्तर फ्रान्समधल्या कुरिएरच्या खाणीत आग धुमसत होती. आग विझेपर्यंत कोणाला खाली पाठवू नका, असं कामगारांचा प्रतिनिधी पिएर सिमों यानं बजावलं होतं. त्याला लोक ‘रिक’ म्हणत. पण काम बंद पाडण्याचा अधिकार त्याला नव्हता. १० मार्चच्या सकाळी स्फोट झाला आणि १,०९९ जीव गेले. वीस दिवसांनी तेरा जण अंधारातून चालत जिवंत बाहेर आले, यावर तर विश्वासच बसत नाही.

आपल्याकडे खाण नियमांनुसार पाचशे किंवा अधिक कामगारांच्या खाणीत तीन कामगार निरीक्षक असतात: खाणकाम, वीज आणि यंत्रं यांसाठी एकेक. चंद्रपूर-वणीकडच्या मोठ्या खाणींनाही हेच नियम लागू होतात. मात्र या निरीक्षकांना नेमतं व्यवस्थापन, कामगार संघटनेशी सल्लामसलत करून. मला इथे फ्रान्सची मतपेटी जास्त पटते. ज्याच्या डोक्यावर छत कोसळू शकतं, त्यानंच आपला माणूस निवडावा.

ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड राज्य याच्याही पुढे गेलं. तिथल्या १९९९ च्या कायद्यानुसार कामगार संघटनेचे सुरक्षा प्रतिनिधी धोका दिसताच खाणीचं काम थांबवण्याचा आदेश देऊ शकतात. रिकला हाच अधिकार हवा होता.