देहूरोडची धम्मभूमी

चाकणजवळच्या महाळुंग्याहून देहूरोडला जायला तळेगावचा वळसा घ्यायची गरज नाही. खालुंब्रे, येलवाडी करत इंद्रायणी ओलांडली की देहूगाव लागतं आणि तिथून रस्ता थेट जुन्या मुंबई-पुणे हमरस्त्यावरच्या देहूरोडला येतो. गाडी नसेल तर पुणे-लोणावळा लोकल देहूरोडला थांबते. सुट्टीच्या अर्ध्या दिवसात होण्याजोगी ही फेरी. पण तिथल्या बुद्धविहारात शिल्पं शोधत जाऊ नये. तो पाहायचा त्याच्या तारखेसाठी.

२५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच महिन्यात ते रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेसाठी जाऊन आले होते, आणि मूर्तीही रंगूनचीच. हिंदू म्हणून मरणार नाही, हे त्यांनी १९३५ सालीच येवल्यात जाहीर केलं होतं. बौद्ध धम्माची दीक्षा मात्र झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात. म्हणजे देहूरोडला मूर्ती बसली तेव्हा समोरच्या गर्दीने दीक्षा घेतलेली नव्हती, बाबासाहेबांनीही नाही. आधी विहार आणि मग दीक्षा, असा हा क्रम आहे. नागपूरला जे लाखोंनी घडलं, त्याची पायाभरणी या लहानशा गावात झाली. म्हणूनच लोक याला धम्मभूमी म्हणतात.

देहूरोड हे लष्करी डेपोंभोवती वाढलेलं गाव. विहाराची ही वास्तू मुळात मंदिर म्हणून उभारली ती इथल्या दलित वस्तीने, आणि उभारताना त्यांच्या मनात संत चोखामेळा होते. तुकोबांच्या देहूशेजारी आपल्याही संताचं देऊळ असावं, ही इच्छा स्वाभाविकच होती. बाबासाहेबांनाही चोखामेळ्यांविषयी आदर होता. १९४८ साली आलेलं ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केलं आहे. तरी गाभाऱ्यात बसले ते बुद्ध. ज्या संताला देवळाबाहेर थांबावं लागलं, त्याच्याच नावाने पुन्हा देऊळ बांधण्यापेक्षा थांबवणारी चौकटच सोडून द्यायची, असा त्या बदलाचा अर्थ मला लागतो.

त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची आहे, असं मत मांडलं आणि त्यावर प्रबंध लिहिण्याचा मनोदयही सांगितला. वारीच्या वाटेवरच्या गावात हे बोलणं साधं नव्हतं. पुढची दोन वर्षं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, दीक्षेच्या तयारीत आणि आजारपणात गेली. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले आणि प्रबंध राहूनच गेला.

या विहाराला जोडूनच बघावी अशी दुसरी जागा देहूरोडहून तळेगावच्या दिशेने, हमरस्त्यालगतच्या डोंगरात आहे. शेलारवाडीची ही लेणी लोकांना घोरवडेश्वर म्हणून ठाऊक असतात, कारण मुख्य चैत्यगृहात आता शिवलिंग आहे. तिथल्या ब्राह्मी लेखात दात्रीचं नाव आहे: सिअगुतणिका. धेनुकाकटच्या उसभणक नावाच्या नांगरधारी कुणब्याची ही बायको. नंद नावाच्या मुलासह तिने हे लेणं दान दिलं. राजा नाही, सेनापती नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईने डोंगर कोरवून घेतला. मधे शतकांमागून शतकं गेली आणि त्याच डोंगराच्या परिसरात कष्टकऱ्यांनीच बुद्धासाठी पुन्हा घर बांधलं. या पट्ट्यातल्या बौद्ध वारशाला राजाश्रयापेक्षा घामाचा आधार जास्त आहे, हे दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी पाहिली की नीट ध्यानात येतं.

बेत आखताना पहिला प्रश्न दिवस कोणता, हा. २५ डिसेंबरला वर्धापनदिनी देहूरोडला मोठी गर्दी लोटते. पांढरी वस्त्रं, बुद्धवंदना, पुस्तकांचे स्टॉल, भीमगीतं. १९२७ साली याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली गेली होती, तीही आठवण त्या दिवशी निघते. चळवळ पाहायची असेल तर हाच दिवस निवडावा. गाडी लांब लावून चालायची तयारी ठेवावी. शांतपणे बसायचं असेल तर एरवीची सकाळ बरी. चपला बाहेर काढाव्यात, मेणबत्ती-अगरबत्ती न्यावी, त्रिसरण-पंचशील चालू असेल तर मागे बसून ऐकावं.

डोंगर आधी करावा, उन्हाच्या आत. पाणी सोबत असू द्यावं. महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार टाळावेत, कारण तेव्हा घोरवडेश्वराला भाविकांची रीघ असते आणि लेख निवांत पाहता येत नाही. तो शोधताना भिंतीवर खडू किंवा पाणी लावू नये. तिरप्या उजेडात अक्षरं आपोआप उठून दिसतात. चढ उतरून विहारात यावं, म्हणजे काळाचा क्रमही सुटत नाही. परतताना कंपन्यांच्या पाळ्या सुटायच्या आत चाकणचा रस्ता पार करावा, नाहीतर ट्रकांच्या रांगेत संध्याकाळ जाईल.

घरातली शाळकरी मुलं सोबत असतील तर त्यांना आधी सिअगुतणिकेचं नाव सांगावं आणि मगच तारखा. राजांची नावं त्यांना पुस्तकात मिळतातच. लेणं देणारी कुणबीण त्यांना इथेच भेटते.