प्लग काढ आणि थांब!

जुलैतली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, शाळेला सुट्टी, आणि माझ्या बहिणीच्या घरी दोन्ही मुलं गेममध्ये बुडालेली. भाची नेमकी शेवटच्या लेव्हलला पोचली आणि लाइट गेली. वीस मिनिटांनी आली, मिचमिचली, परत गेली, परत आली. फ्रिज घुरघुरला, पंखा फिरायला लागला, टीव्ही लागला. टीव्हीखालचा गेमचा काळा डबा मात्र लागेना.

"मावशी, मेला हा!" भाचीचे डोळे भरून आले.

तिच्या दादाने लगेच उपचार सुरू केले. बटण दहा वेळा दाबलं. डब्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या. प्लग उपटला, त्याच्यावर फुंकर मारली आणि लगेच पुन्हा खोचला. डबा ढिम्म.

मी त्याला विचारलं, "समज, आत्ता तो सुरू झाला असता, तर कशामुळे झाला म्हणाला असतास? थापेमुळे, फुंकरीमुळे की प्लगमुळे?"

तो विचारात पडला. तुम्हीही पडा, कारण या प्रश्नातच सगळी गंमत आहे.

फुंकर त्याला त्याच्या बाबांनी शिकवली होती. तुमच्या आईबाबांनाही विचारून बघा. १९८३ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'फॅमिकॉम' नावाचा गेमचा डबा काढला. १९८५ मध्ये तो थोडं रूप बदलून अमेरिकेत गेला. पुढे त्याच्यासारखे कितीतरी डबे आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडले गेले. त्यात प्लॅस्टिकची चपटी कॅसेट खोचायची. गेम लागला नाही की कॅसेट काढायची, तिच्या तळाशी जोरात फुंकर मारायची आणि परत लावायची. बऱ्याचदा गेम लागायचा! त्यामुळे सगळ्या पिढीची खात्रीच पटली, की हे फुंकरीचंच काम.

पण खरं तर प्रत्येक वेळी ते दोन गोष्टी करत होते. फुंकर मारत होते आणि कॅसेट काढून पुन्हा बसवत होते. अमेरिकेतल्या डब्यात कॅसेटला टेकणाऱ्या ७२ पिना होत्या. त्या वापरून वापरून सैल व्हायच्या. कॅसेट पुन्हा बसवली, की पिना नव्याने टेकायच्या आणि गेम लागायचा. काम पुन्हा बसवण्याने व्हायचं आणि शाबासकी फुंकरीला मिळायची! उलट श्वासातल्या ओलाव्याने धातू गंजतो, म्हणून फुंकर मारू नका असं निन्टेन्डोनेच सांगितलं होतं.

म्हणून आम्ही ठरवलं, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. वीज ज्या वाटेने डब्यापर्यंत येते, त्याच वाटेने आपणही चालत जायचं. भिंतीतला सॉकेट, मग वायर, मग विटेएवढा जाड ॲडाप्टर, आणि शेवटी डबा. कुठपर्यंत वीज पोचते आहे?

ॲडाप्टरवर एक छोटा दिवा असतो. तो विझलेला होता. म्हणजे गडबड डब्याच्या अलीकडे असण्याचा संभव जास्त. मग सॉकेट तपासायचा. बहिणीने स्विच बंद करून ॲडाप्टरचा प्लग काढला आणि त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावला. लॅम्प लख्ख पेटला. सॉकेट निर्दोष!

आता वायर. प्रिंटरची वायर लावून बघू म्हणून भाची आतल्या खोलीत पळाली. ती शोधण्यात दोन-तीन मिनिटं गेली. घेऊन आली तर ती बसेचना, टोकाचा आकारच वेगळा. मग जुनीच वायर परत लावली, स्विच चालू केला, आणि ॲडाप्टरवरचा दिवा लागला. डबाही 'टुण्' करून उठला.

दादा ओरडला, "लॅम्पने बरा झाला!"

भाचीने मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "लॅम्प तर आपण काढून टाकला. वायर तीच, सॉकेट तोच. मग बदललं काय?" ती बोटांवर मोजत राहिली आणि अचानक म्हणाली, "वेळ! दादाने प्लग काढून लगेच लावला होता. या वेळी तो कितीतरी वेळ जमिनीवर पडून होता."

मुलांनो, मला त्या क्षणी तिचा एवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! आम्ही सगळे एकच गोष्ट बदलतोय असं समजत होतो. दुसरी गोष्ट, म्हणजे वेळ, गुपचूप बदलली होती, आणि ती फक्त तिला दिसली.

पण वेळ गेल्याने ॲडाप्टर बरा कसा होईल? ते बघायला मी माझा लॅपटॉपचा चार्जर आणला. त्यावर हिरवा दिवा आहे. लॅपटॉपला न जोडता तो नुसता सॉकेटला लावला, दिवा लागला. मग स्विच बंद करून प्लग काढून हातात घेतला. प्लग हवेत, आणि दिवा चालूच! एक, दोन, तीन... दिवा हळूहळू मंद झाला, तांबूस नाही, निळसर नाही, नुसताच फिका हिरवा, आणि मग विझला. दोघांनी तो खेळ माझ्याकडून चार वेळा करून घेतला.

प्लग काढल्यावर ही वीज आली कुठून? तुमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते ना? नळाचं पाणी गेलं तरी टाकीतलं काही वेळ पुरतं. ॲडाप्टरच्या पोटातही अशी विजेची टाकी असते. तिचं नाव कपॅसिटर. दिसायला छोट्या डब्यासारखा, दोन पाय असलेला.

ही टाकी लागतेच, कारण आपल्या घरातली वीज एका दिशेने वाहत नाही. ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे झोके घेते. तिचा दाब २३० व्होल्ट म्हणतात, पण झोक्याच्या टोकाला तो सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो आणि मधे शून्यावर येतो. गेमच्या डब्याला असे हेलकावे चालत नाहीत. त्याला साधारण १२ व्होल्टची सरळ, शांत वीज हवी. ॲडाप्टर हे झोके एकाच दिशेला वळवतो, टाकीत साठवतो आणि मग त्यातून हवी तेवढीच वीज बाहेर सोडतो.

त्याच्या आत एक पहारेकरीही असतो. लाइट येता-जाता दाब वेडावाकडा झाला किंवा भलतीच जास्त वीज ओढली गेली, की हा पहारेकरी दार बंद करतो. काही ॲडाप्टरमध्ये तो इतका कडक असतो, की एकदा बंद केलेलं दार तो स्वतः जागा असेपर्यंत उघडतच नाही. आणि जागं राहायला त्याला वीज पुरते कुठून? त्याच टाकीतून! प्लग दोन सेकंद काढला तर टाकी रिकामी होत नाही, पहारेकरी जागाच राहतो. प्लग काढून थांबलं, की टाकी रिती होते, पहारेकरी झोपतो. पुन्हा वीज आली की तो नव्याने उठतो आणि दार उघडतो. दादाची घाई नडली ती इथे.

सगळेच डबे असे बरे होत नाहीत. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा डबा २००५ साली आला. त्यातले कित्येक काही महिन्यांत बंद पडले आणि बटणाभोवती तीन लाल दिवे लागले. खेळताना आतली चिप तापून पसरायची, बंद केल्यावर आकसायची, आणि असं शेकडो वेळा झाल्यावर तिचे बारीक जोड तुटायचे. तार वाकवून-सरळ करून तुटते ना, तसंच. काही जणांनी डबा टॉवेलात गुंडाळून आणखी तापवला. तो थोडा वेळ चाललाही! त्यांना वाटलं, टॉवेलने बरा झाला. पण जोड तुटलेलाच होता, डबा पुन्हा बंद पडायचा, आणि वरून आग लागायची भीती. २००७ मध्ये कंपनीने अशा डब्यांची वॉरंटी ३ वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त पैसे बाजूला काढले.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही, ती म्हणजे ॲडाप्टर उघडणं. प्लग काढलेला असला तरीही नाही. आतली टाकी भरलेली असेल तर जबरदस्त झटका बसतो. जळका वास आला, वायर सोललेली दिसली, तर हात न लावता मोठ्यांना हाक मारा.

आता तुमची पाळी. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या, हात कोरडे करा आणि दिवा असलेला लॅपटॉपचा चार्जर शोधा. लॅपटॉप न जोडता तो सॉकेटला लावा. मग स्विच बंद करा आणि मोजायला लागा. तुमच्या चार्जरचा दिवा किती सेकंदांनी विझला? आमचा नऊपर्यंत टिकला. तुमचा आकडा आम्हाला नक्की लिहून पाठवा.