हाइसमन ट्रॉफी २०२४ : हंटर की जेंटी?

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये, म्हणजे चेंडू हाती घेऊन धावण्याच्या तिथल्या खेळात, १९३५पासून दिली जाणारी हाइसमन ट्रॉफी हा सर्वोच्च वैयक्तिक सन्मान मानला जातो. मतदार, प्रामुख्याने क्रीडा-पत्रकार व माजी विजेते, पसंतीक्रमाने तीन नावे देतात आणि त्यांना अनुक्रमे ३, २ व १ गुण मिळतात. मात्र श्रेष्ठत्व मोजण्याची ठरावीक मोजपट्टी नसल्याने वाद दरवर्षी रंगतो.

२०२४मध्ये बॉइझी स्टेटचा रनिंग बॅक, अर्थात चेंडू घेऊन बचावफळी भेदणारा धावपटू, ॲश्टन जेंटी हंगामाअखेर २,६०१ यार्डांपर्यंत पोहोचला आणि बॅरी सँडर्सच्या १९८८मधील २,६२८ यार्डांच्या विक्रमापासून जेमतेम २७ यार्ड दूर राहिला. पण सँडर्सचे सामने ११ होते, जेंटीचे १४. कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर मात्र आक्रमणात पास झेलणारा वाइड रिसीव्हर आणि बचावात तेच पास रोखणारा कॉर्नरबॅक, अशा दोन्ही भूमिका एकाच सामन्यात निभावत असे.

हंटरला २,२३१ व जेंटीला २,०१७ गुण मिळाले. आकड्यांचे पारडे जेंटीकडे झुकत असले, तरी दोन्ही बाजूंनी सामना पेलणारा खेळाडू आधुनिक काळात विरळाच असल्याने हा कौल रास्त ठरतो.