देशाचें संरक्षण आणि लोकसभेंतील जाब

मुंबईची उत्तर हद्द ओलांडून मिरा-भाईंदरमधील हाटकेश वसाहतीकडे येणाऱ्या माणसास खाडीकांठचा घोडबंदरचा किल्ला फार दूर नाहीं. पाण्याच्या वाटेनें शिरणाऱ्या शत्रूवर नजर ठेवणें हें त्या किल्ल्याचें काम होतें. पहारा ढिला पडला तर त्या काळीं किल्लेदारास जाब विचारी तो राज्यकर्ता. खालच्या गांवांतील कोळी वा शेतकरी यांस, लुटीची झळ प्रथम त्यांनाच लागत असूनही, तसें विचारण्याची सोय नव्हती. आज हाटकेशचा रहिवासी ठाणे लोकसभा मतदारसंघाचा मतदार आहे, आणि त्याचा प्रतिनिधि दिल्लींत उभा राहून देशाच्या संरक्षणमंत्र्यास पहाऱ्याविषयीं प्रश्न विचारूं शकतो.

हा अधिकार सर्वांना मान्य असला, तरी तो प्रत्यक्ष बजावला जातो तेव्हां पुष्कळ सुशिक्षित घरांत एक शंका हटकून निघते. सीमेवर संकट उभें असतां सरकारला भर सभेंत अडचणींत आणणें, हें शत्रूच्या पथ्यावर पडणार नाहीं काय? शंका प्रामाणिक आहे, आणि तिचें उत्तर तत्त्वचर्चेपेक्षां १९६१ ते १९६३ या तीन वर्षांच्या इतिहासांत अधिक स्पष्टपणें सांपडतें.

प्रथम सभासदाच्या हातीं असलेलीं साधनें पाहावीं. बैठकीच्या आरंभीं प्रश्नोत्तरांचा तास असतो. तातडीच्या बाबतींत लक्षवेधी सूचना किंवा स्थगन प्रस्ताव मांडतां येतो. संरक्षणखात्याच्या खर्चाची मागणी सभेपुढें येते तेव्हां कपात सूचना देऊन खात्याच्या साऱ्या कारभाराची झडती घेतां येते. सर्वांत शेवटचें व सर्वांत जड शस्त्र म्हणजे अविश्वासाचा ठराव; तो चर्चेस घेण्यासाठीं निदान ५० सभासदांचें पाठबळ लागतें. राज्यघटनेच्या ७५ व्या कलमानें मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिक रीत्या जबाबदार आहे, आणि १०५ व्या कलमानें सभागृहांतील भाषणाबद्दल सभासदास कोणत्याही न्यायालयांत खेंचतां येत नाहीं. हीं दोन कलमें एकत्र वाचलीं म्हणजे घटनाकारांचा हेतु ध्यानांत येतो. सत्ताधाऱ्यांनीं उत्तर द्यावें, आणि विचारणाऱ्यानें निर्भयपणें विचारावें.

आतां इतिहासाकडे वळावें. लडाखमधील अक्साई चिन भागांतून जाणारा आपला मोटाररस्ता पुरा झाल्याचें चीननें १९५७ सालींच जाहीर केलें होतें. भारताच्या संसदेस मात्र ही गोष्ट सरकारकडून कळली ती १९५९ च्या ऑगस्टांत. त्यानंतर सभासदांचा आग्रह वाढला, आणि पुढच्याच महिन्यांत उभय सरकारांमधील पत्रव्यवहाराची पहिली श्वेतपत्रिका प्रसिद्ध झाली. पंतप्रधान पंडित नेहरू यांनीं त्या भागाचें वर्णन तृणही न उगवणारी भूमि असें केलें, तेव्हां त्यांच्याच पक्षाचे महावीर त्यागी यांनीं आपल्या टकलाकडे बोट दाखवून दिलेलें प्रत्युत्तर प्रसिद्धच आहे. येथें कांहीं उगवत नाहीं, म्हणून हें डोकें दुसऱ्यास देऊन टाकावें काय, असा त्याचा आशय. त्यागी हे संरक्षणखात्यांत मंत्रिपद भूषविलेले गृहस्थ होते. जाब विचारणारा विरोधी बाकांवरच बसलेला असतो असें नाहीं, हें यावरून दिसतें.

१९६१ च्या एप्रिलांत आचार्य कृपलानी यांनीं लोकसभेंत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर थेट हल्ला चढविला. एकही वार न करितां आपण १२,००० चौरस मैलांचा मुलूख गमावला, आणि सैन्यांत गटबाजी माजली, असा त्यांचा आरोप होता. कृपलानी हे कोणी उपरे टीकाकार नव्हते. स्वातंत्र्य आलें त्या वेळीं काँग्रेसचें अध्यक्षपद त्यांच्याकडेच होतें. पुढच्या वर्षीं हा वाद मतदारांपुढें आला, आणि तोही मुंबईंतच. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत उत्तर मुंबईंतून कृपलानींनीं मेनन यांना आव्हान दिलें. साऱ्या देशाचें लक्ष त्या एका लढतीकडे लागलें होतें. मेनन लाखाहून अधिक मतांनीं विजयी झाले. मतदारांनीं कौल दिला, परंतु प्रश्न मिटला नाहीं. कारण डोंगरावरील ठाण्यांची सज्जता मतपेटीनें ठरत नाहीं.

२० ऑक्टोबर १९६२ रोजीं चीनचें आक्रमण झालें. उन्हाळी कपड्यांनिशीं आणि अपुऱ्या दारूगोळ्यानिशीं उंच बर्फाळ प्रदेशांत गेलेल्या तुकड्यांची कहाणी देशभर पसरली, तेव्हां सभागृहांत जे प्रश्न कटकटीचे वाटले होते त्यांचा खरा अर्थ उमगला. २६ ऑक्टोबर रोजीं आणीबाणी जाहीर झाली. युद्ध चालू असतांच, ८ नोव्हेंबर रोजीं, संसद भरली. कांहीं सभासदांनीं गुप्त बैठकीची सूचना केली होती. पंतप्रधानांनीं ती मानली नाहीं. चर्चा उघडपणें झाली. लोकसभेंत १६५ सभासद बोलले, आणि १४ नोव्हेंबर रोजीं आक्रमकास हुसकून लावण्याच्या निर्धाराचा ठराव एकमतानें मंजूर झाला. टीका आणि ऐक्य हीं परस्परविरोधी नाहींत, याचा याहून चांगला दाखला मिळणें कठीण. दरम्यान स्वपक्षीय सभासदांच्याही दडपणामुळें मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावें लागलें होतें. त्यांच्या जागीं महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना बोलावणें आलें, आणि हिमालयाच्या हांकेला सह्याद्रि धावून गेला, असें महाराष्ट्रांत अभिमानानें म्हटलें जाऊं लागलें.

१८ नोव्हेंबर रोजीं लडाखमध्यें रेझांग ला येथें मेजर शैतानसिंह यांच्या कुमाऊं पलटणीच्या तुकडीनें जवळजवळ शेवटच्या शिपायापर्यंत झुंज दिली. शैतानसिंहांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. शौर्याची उणीव नव्हती. उणीव होती ती तयारीची. आणि तयारीचा जाब सैनिक स्वतः विचारूं शकत नाहीं. शिस्तीनें त्याचें तोंड बांधलेलें असतें. त्याच्या वतीनें बोलण्याचें कर्तव्य म्हणूनच लोकप्रतिनिधीवर येऊन पडतें.

१९६३ च्या मे महिन्यांत अमरोहा येथील पोटनिवडणूक जिंकून कृपलानी पुन्हां लोकसभेंत आले. ऑगस्टांत त्यांनीं नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेंतील हा पहिलाच अविश्वासाचा ठराव. चार दिवस चर्चा होऊन २२ ऑगस्ट रोजीं मतदान झालें. बाजूनें ६२ आणि विरुद्ध ३४७ मतें पडलीं. आंकड्यांच्या हिशेबानें हा दारुण पराभव होय. परंतु पंतप्रधानांना सभागृहांत बसून सारे आरोप ऐकावे लागले आणि त्यांचें उत्तर द्यावें लागलें. थोड्याच दिवसांनीं, २ सप्टेंबर रोजीं, चव्हाण यांनीं लष्करी चौकशींतून निघालेल्या धड्यांविषयीं लोकसभेंत निवेदन केलें. प्रशिक्षण, साहित्य, अधिकाऱ्यांची कार्यपद्धति आणि वरिष्ठांचें मार्गदर्शन यांतील दोषांची त्यांत चर्चा होती. त्या वर्षाच्या अंदाजपत्रकांत संरक्षणासाठीं ८६७ कोटि रुपये धरण्यांत आले होते. आदल्या वर्षींच्या मूळ अंदाजाच्या दुपटीहून ही रक्कम अधिक होती.

चौकशीचा मूळ अहवाल मात्र सरकारनें अधिकृत रीत्या प्रसिद्ध केला नाहीं. येथें या विषयाची दुसरी बाजू येते. तुकड्या कोठें आहेत, कोणत्या वाटेनें जाणार, गुप्त वार्ता कोणाकडून आली, हें उघड सांगण्यास मंत्र्यानें नकार द्यावा हें योग्यच. सभासदानेंही तें विचारूं नये. परंतु कपडे वेळेवर कां पोंचले नाहींत, सल्ला देणाऱ्या सेनानींचें म्हणणें ऐकलें गेलें कीं नाहीं, मंजूर झालेला पैसा कोठें गेला, या प्रश्नांच्या उत्तरांत शत्रूस उपयोगी पडेल असें फारसें कांहीं नसतें. तीं उत्तरें बहुधा आपल्यालाच हवीं असतात. या दोहोंमधली रेषा नीट आंखली गेली नाहीं, तर गुप्ततेचा पडदा सैनिकाच्या रक्षणाऐवजीं कारभारांतील चुकीच्या रक्षणासाठीं वापरला जाण्याचा धोका राहतो. या अडचणीवर कांहीं उपाय म्हणून १९९३ पासून संरक्षणखात्यासाठीं संसदेची स्थायी समिति काम करूं लागली. तेथें बंद दाराआड अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतां येतात.

सारांश, लोकसभेंत सरकारला आव्हान दिलें गेल्याची वार्ता कानीं येईल तेव्हां श्रोत्यानें बोलणाऱ्याचा आवाज किती चढला हें न पाहतां दोन गोष्टी पाहाव्या: प्रश्न नेमका होता काय, आणि त्याला उत्तर मिळालें काय. १९६१ साली विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर वेळेवर शोधलें गेलें असतें, तर १९६२ च्या हिवाळ्यांत कांहीं घरीं आलेल्या तारा कदाचित् आल्या नसत्या.