सशाच्या दाढेचे दुखणे

शहरातील सदनिकांतून मांजर आणि पोपट यांच्या जोडीने ज्याने अलीकडे आपला मुक्काम कायम केला आहे, त्या लांब कानांच्या पाहुण्याचे आपल्या माळरानावरील सशाशी असलेले नाते वाटते तितके जवळचे नाही. आपला रानससा उघड्यावर, गवताच्या आडोशाला राहणारा असून त्याला घरात बाळगण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची मनाई आहे. पिंजऱ्यातून विकला जाणारा ससा मात्र मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातील, जमिनीत बिळे करून राहणाऱ्या एका निराळ्या जातीचा वंशज होय. ज्या मुलखात उन्हाळ्यात गवत वाळून काटक होते त्या मुलखात हा प्राणी घडला, आणि त्याचे दात, त्याची आतडी, फार काय त्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी, या सर्वांवर त्या घडणीचा ठसा आजही कायम आहे. दाढेच्या मुळाशी झालेले गळू शस्त्रक्रियेने काढल्यावर पशुवैद्य मालकाच्या हाती सूचनांचा जो लांबलचक कागद ठेवतात, तो प्रथमदर्शनी कितीही जाचक वाटला तरी त्यातील एकेका कलमाचे कारण या घडणीत सापडते.

सशाच्या तोंडात एकंदर २८ दात असतात. पुढचे चार पटाशीचे दात सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु वरच्या जोडीच्या पाठीमागे आणखी दोन लहान, खुंटीवजा दात दडलेले असतात, आणि या व अशा इतर लक्षणांच्या आधारे, पूर्वी उंदीर-खारींच्या कृंतक गणात मोडणाऱ्या सशाला गिडली या अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञाने १९१२ साली स्वतंत्र गणाचा दर्जा द्यावयास लावला. पटाशीच्या दातांमागे बरीच मोकळी जागा, आणि तिच्याही मागे, अरुंद तोंडाच्या तळाशी, सहजासहजी दृष्टीस न पडणाऱ्या २२ दाढा. माणसाच्या दाढेचे मूळ वयात आल्यावर बंद होते. सशाच्या दाताचे खालचे टोक जन्मभर उघडे राहते व दात जन्मभर वाढत असतो. पटाशीच्या दातांची ही वाढ आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर भरते. तेवढीच झीज रोजच्या रोज व्हावी, यासाठी निसर्गाने केलेली तजवीज म्हणजे गवत. गवताच्या पात्यांत वाळूच्या जातीचे सिलिकेचे सूक्ष्म कण असतात, आणि ते चघळताना सशाचा जबडा आडवा, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, तासन्‌तास फिरत राहतो.

हे चर्वण थांबले की हिशेब बिघडतो. चित्रांच्या पुस्तकांनी सशाच्या हाती कायमचे गाजर दिले आहे, आणि प्राण्यांच्या दुकानातला विक्रेता पिंजरा, रंगीत दाण्यांचे पाकीट आणि पाण्याची बाटली एवढे सगळे विकताना गवताविषयी अवाक्षर काढीत नाही. दाणे आणि गाजर चिरडून खाल्ले जातात; त्यांना चघळावे लागत नाही. मग न झिजलेली खालची दाढ जिभेकडे आणि वरची गालाकडे अणकुचीदार कंगोरे काढते, आणि वर वाढावयास जागा उरली नाही म्हणजे दाढेचे मूळच उलट दिशेने हाडात घुसू लागते. आखूड तोंडाच्या जातींतील जन्मजात वाकडेपणा आणि आहारातील चुन्याची उणीव यांचाही या दुखण्यात वाटा असतो. परंतु घरोघरच्या सशांच्या बाबतीत पहिला संशय गवताच्या अभावावरच घ्यावा, असे माझे मत आहे. हलू लागलेल्या दाढेच्या कडेने तोंडातील जंतू हाडापर्यंत पोचतात, आणि एके दिवशी हनुवटीखालून हात फिरवताना जबड्याच्या कडेला सुपारीएवढी टणक गाठ लागते. खालच्या जबड्याचे गळू असे निदान हाताला तरी कळते. वरच्या दाढेचे मूळ डोळ्याच्या खोबणीलगत असल्यामुळे तेथील गळवाची वर्दी कित्येकदा केवळ वाहणाऱ्या डोळ्यावरून मिळते.

माणसाच्या किंवा कुत्र्याच्या गळवाला चीर दिली की पू वाहून जातो आणि रोग्याला तत्काळ आराम पडतो. सशाच्या बाबतीत हा अनुभव येत नाही. आमच्या परिचयाच्या एका गृहिणीने, गाठ फोडून पू काढून टाकता येणार नाही का, असे भाबडेपणाने विचारले, तेव्हा त्या तरुण पशुवैद्याने उत्तर दिले, "काकू, हा पू पिळून निघत नाही, गळू पिशवीसकट सोलून काढावे लागते." याचे कारण पेशींत आहे. पू पातळ होतो तो पांढऱ्या पेशींतील विकरांमुळे. सशाच्या पेशींत त्यांपैकी एका प्रमुख विकराची क्रिया अत्यंत मंद असल्यामुळे त्याचा पू फडक्यात टांगून पाणी निथळलेल्या चक्क्यासारखा घट्ट राहतो. भोवती शरीर एक जाड कवच उभारते. त्या कवचाच्या आत रक्तपुरवठा नाही, आणि जेथे रक्त नाही तेथे पोटातून दिलेले औषधही नाही. म्हणून शल्यचिकित्सक अशा गळवाशी एखाद्या अर्बुदाशी वागावे तसे वागतात: कवच, त्यातील पू, रोगट दाढ आणि सडलेल्या हाडाचा चुरा, सगळे काढून टाकतात, आणि पुष्कळ वेळा जखम शिवून बंद न करता तिच्या कडा भोवतालच्या कातडीला टाचून तोंड मुद्दाम उघडे ठेवतात, म्हणजे ती तळापासून वर भरत येते.

भूल देणे हीसुद्धा सशाच्या बाबतीत लहान गोष्ट नव्हे. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणीत भूल व गुंगी दिलेल्या सशांपैकी सुमारे १.३९ टक्के दगावल्याची नोंद आहे. कुत्र्यांत हेच प्रमाण ०.१७ टक्के होते. (जाता जाता एक नवल सांगण्याजोगे आहे: धोतऱ्याच्या विषात असणारे आणि भूलशास्त्रात नेहमी वापरले जाणारे अ‍ॅट्रोपीन पुष्कळशा सशांवर फारसा अंमल गाजवत नाही, कारण त्याचे विघटन करणारे विकर त्यांच्या अंगी उपजतच असते.) ससा भुलीतून जागा झाला, त्याला टोपलीत घालून घरी आणले, म्हणजे संकट टळले असे घरच्यांस वाटते. वस्तुतः उपचाराचा मोठा भाग तेथून पुढे सुरू होतो, आणि तो घरच्या माणसांच्या हातचा असतो.

त्यात सर्वांत निकडीचे कलम अन्नाचे. सशाची पचनसंस्था अखंड चालू राहण्यासाठी बनलेली आहे. त्याला ओकारी होऊच शकत नाही, आणि शस्त्रक्रियेपूर्वी माणसाप्रमाणे त्याला रात्रभर उपाशी ठेवण्याचा प्रघात नाही, तो याचसाठी. पोटातील प्रचंड अंधांत्रात कोट्यवधी जंतू गवताचे तंतू आंबवीत असतात, आणि तेथे तयार झालेल्या मऊ, चकचकीत लेंड्या ससा गुदद्वाराला तोंड लावून पुन्हा गिळतो. त्याचे पोषण काही अंशी या दुसऱ्या फेरीवर अवलंबून आहे. जबडा दुखतो म्हणून त्याने खाणे सोडले की आतड्याची हालचाल मंदावते, वायू धरतो, वायूने वेदना वाढते, वेदनेने खाणे आणखीच सुटते, आणि शरीरातील चरबी यकृतात साचू लागून अर्ध्याएक दिवसात दुखण्याला निराळेच वळण लागते. यास्तव, ससा आपण होऊन खाईपर्यंत त्याला भरवावे लागते. तृणभक्षी प्राण्यांसाठी तयार मिळणारी तंतुमय भुकटी, किंवा तीही न मिळाल्यास गवताच्या साध्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून केलेले सरबरीत मिश्रण, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ५० मिलिलिटर या बेताने, चार-पाच वेळांत विभागून देतात.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. एका सुती पंचात ससा असा गुंडाळावयाचा की पुढचे पाय आत राहावे, मागच्या पायांना झटका देण्यास वाव मिळू नये आणि नाक पूर्ण मोकळे असावे. कारण सशाची हाडे हलकी आणि मांड्यांचे स्नायू दांडगे, तेव्हा हवेत लाथ झाडताना त्याचा स्वतःचाच कणा मोडण्याचे भय असते. कान धरून उचलण्याची रानटी चाल तर सर्वस्वी वर्ज्य. मग बिनसुईची सिरिंज शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूने, पटाशीचे दात आणि दाढा यांमधील त्या मोकळ्या जागेतून आत सारावयाची आणि दट्ट्या किंचित दाबून थांबावयाचे. पहिला घोट बहुधा हनुवटीवरून पंचावर येतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या घोटाला जबडा आडवा हलू लागतो, आणि तो हलणे थांबले, गिळणे झाले, की पुढचा घोट. मान मागे कलली किंवा घाई झाली तर मिश्रण श्वासनलिकेत जाते. भरवून झाल्यावर हनुवटी ओल्या फडक्याने पुसावी, आणि लेंड्यांचा तपास घ्यावा. निरोगी ससा दिवसाला शेकडो लेंड्या टाकतो, सगळ्या गोल, एकसारख्या आणि मोडल्यास आत गवताचा भुसा दिसणाऱ्या; त्या लहान, काळ्या, वेड्यावाकड्या झाल्या किंवा थांबल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

उघड्या जखमेची शुश्रूषा प्रारंभी भल्याभल्यांना धीर सोडावयास लावते. दिवसातून एकदा वा दोनदा, अंगाइतके कोमट केलेले निर्जंतुक मिठाचे पाणी बोथट नळीने आत सोडतात, आणि पहिले काही दिवस त्या पाण्याबरोबर पांढऱ्या पुवाचे कण बाहेर पडतात. कडांवरची खपली काढून तोंड उघडे राखणे हे या शुश्रूषेतील मर्म होय. वरची कातडी आधी मिटली आणि तळ भरावयाचा राहिला, तर आत उरलेल्या जंतूंना बंद कोठडी मिळते आणि महिन्या-दोन महिन्यांत गाठ पुन्हा वर येते. तळाशी लालसर, दाणेदार, स्पर्शाने चटकन रक्त येणारे मांस दिसू लागले म्हणजे काम मार्गी लागले असे समजावे. धुतलेल्या पोकळीत शुद्ध केलेला मध भरण्याची पद्धत काही पशुवैद्य आजही पाळतात. मधातील दाट शर्करा जंतूंच्या अंगचे पाणी शोषून घेते. मात्र तो भरावा की नाही हे पशुवैद्याने ठरवावे. गळ्याभोवती कुत्र्याला घालतात तसला शंकू सशाला घालणे शक्य तो टाळतात, कारण त्यामुळे मऊ लेंड्यांपर्यंत त्याचे तोंडच पोचत नाही. आपल्याकडे, विशेषतः पावसाळ्यात, आणखी एका गोष्टीचा बंदोबस्त करावा लागतो, तो म्हणजे माशांचा. ओल्या जखमेवर माशीने अंडी घातली तर एका दिवसात किडे पडू शकतात. सबब ससा जाळीच्या आत ठेवावा, अंथरूण रोज बदलावे, मागची बाजू कोरडी राखावी. उन्हाळ्यातही पारा ३० अंशांवर गेला की सशाला उकाडा बाधतो, हेही ध्यानात असावे.

औषधांच्या बाबतीत एक विपरीत गोष्ट आहे. ज्या पेनिसिलिनने असंख्य माणसांचे प्राण वाचवले, ते सशाला तोंडाने दिले तर त्याचे प्राण घेऊ शकते: अंधांत्रातील उपयुक्त जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीच्या विषारी जंतूंना रान मोकळे मिळते, आणि ससा हगवणीने दगावतो. तेच पेनिसिलिन टोचून दिले तर दाढेच्या गळवातील प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंवर चांगले चालते आणि पशुवैद्य ते बेलाशक वापरतात. घरातल्या डब्यात मुलाच्या घशासाठी आणलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या उरलेल्या असतात. त्यांतला तुकडा सशाला देण्याइतका घातक उपकार दुसरा नाही. उलट वेदनाशामक औषध ससा शांत दिसतो म्हणून परस्पर बंद करू नये. ज्याला सदैव कोणीतरी खावयास टपलेले, तो प्राणी दुखणे दाखवीत नाही. तो ओरडत नाही, विव्हळत नाही, कोपऱ्यात पाठ गोळा करून बसतो आणि पाहणाऱ्याला तो झोपलेला वाटतो. संशोधकांनी २०१२ साली सशाच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पट्टी प्रसिद्ध केली. तीत अर्धवट मिटलेले डोळे, चपटे झालेले गाल, टोकदार झालेल्या नाकपुड्या, ताठ मिशा आणि मागे वळून मिटलेले कान अशी पाच लक्षणे धरली आहेत. दात करकरा खाण्याचा आवाज येत असल्यास पट्टीचीही गरज उरत नाही.

इतके करूनही सगळेच ससे बरे होतात असे नाही. हाड फार खोलवर सडले असेल, किंवा डोळ्यामागे गळू झाले असेल, तर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करीत राहण्यापेक्षा त्या जिवाला शांतपणे निरोप देण्याचा पर्याय पशुवैद्याने बोलून दाखवणे यात निष्ठुरपणा नाही. जे बरे होतात त्यांची जखम भरण्यास काही आठवडे लागतात, आणि त्यानंतर तोंडात एक नवीच विषमता उरते: काढलेल्या दाढेच्या समोरच्या दाढेला आता घासावयास जोडीदार नाही, आणि ती वाढावयाची तर थांबत नाही. ती काही आठवड्यांच्या अंतराने तपासून, गरज पडल्यास भूल देऊन, घासून घ्यावी लागते. घास घेता येऊ लागल्याबरोबर पिंजऱ्यात चोवीस तास गवत असावे. टिमोथीसारखे परदेशी गवत परवडले नाही तर फवारणी न झालेल्या जागेवरून आणलेली हराळी चालते, आणि लसूणघास मोठ्या सशाला चवीपुरताच द्यावा, कारण त्यात चुना व प्रथिने फार. आठवड्यातून एकदा, सकाळी त्याच वेळी, स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ससा ठेवून आकडा वहीत मांडावा. हनुवटी ओली दिसण्याच्या किंवा गाठ हाताला लागण्याच्या पुष्कळ आधी तोंडातील नव्या दुखण्याची खबर कमी होत जाणाऱ्या वजनावरून लागते.